कृपया चूक किरकोळ मानावी

फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या सुमारे २२ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. तिथे तोवर विकलेल्या त्यांच्या जवळजवळ सगळ्याच गाड्या त्यात आल्या. आकडा ऐकून कोणालाही वाटेल, ब्रेक लागत नसतील, चाक निखळत असेल, गेला बाजार बॅटरी तरी पेट घेत असेल. तसं काही नव्हतं. ब्रेक, पार्किंग आणि एबीएस यांचे इशारे पडद्यावर उजळतात, त्यांची अक्षरं बारीक होती. नियम म्हणतो उंची किमान ३.२ मिलिमीटर हवी, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. ती भरत नव्हती. त्यापायी कोणाला अपघात झाल्याचं किंवा कोणी जखमी झाल्याचं कंपनीच्या कानावर नव्हतं. मग टेस्लाने हवेतून सॉफ्टवेअर धाडलं आणि गाड्या उभ्या होत्या तिथेच अक्षरं वाढली. मालकाला सोफ्यावरून उठावंसुद्धा लागलं नाही.

पण गाडीतली सगळीच अक्षरं पडद्यावर राहत नाहीत. काही रबरावर उठवलेली असतात, काही काचेच्या कोपऱ्यात, काही दाराच्या चौकटीत चिकटवलेल्या कागदावर. ती हवेतून वाढत नाहीत. तिथे अक्षर चुकलं की कंपनीपुढे दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे हजारो, वेळेला लाखो मालकांना टपालाने पत्रं पाठवा, गाड्या बोलवा आणि फुकटात दुरुस्त करून द्या. दुसरी म्हणजे सरकारला अर्ज करा. चूक झाली आहे, मान्य आहे. परंतु ती इतकी किरकोळ आहे की सुरक्षेला तिची काही बाधा नाही. सबब पत्रं पाठवण्यातून आणि दुरुस्तीतून आम्हांस सूट मिळावी, ही विनंती.

हे अर्ज हा माझ्या विशेष आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. अमेरिकी सरकारचं फेडरल रजिस्टर नावाचं दैनिक राजपत्र आहे, त्यात ते रीतसर छापून येतात. लोक रात्री झोप येईना म्हणून पुस्तक घेतात. मी हे अर्ज घेतो, आणि झोप उडते.

त्यामागचा कायदा १९६६ चा. त्याच्या आदल्या वर्षी राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने अमेरिकी गाड्या कशा जीवघेण्या आहेत यावर एक पुस्तक लिहिलं. जनरल मोटर्सने त्यावर विचार करण्याऐवजी लेखकाच्याच मागे खासगी गुप्तहेर लावले. हे उघडकीला आलं आणि कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. १९६६ च्याच सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली. नेडरला एवढी प्रसिद्धी मिळवून देणं त्याच्या प्रकाशकालाही जमलं नसतं. पुढे १९७४ च्या दुरुस्तीने सदोष गाडी फुकट दुरुस्त करून देणं बंधनकारक झालं, आणि त्याच दुरुस्तीत ही सूट मागण्याची खिडकीही ठेवली गेली. दार बंद करताना खिडकी ठेवावी लागते, हे तिथल्या खासदारांनाही कळत असावं.

योगायोग असा की १९६६ सालीच पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. तिच्या नावाच्या टेकडीवर पुणेकर पहाटे फिरायला जातात आणि आत नेमकं काय चालतं हे न विचारता घरी येतात. आत गाड्या तपासल्या जातात. आपल्याकडे रीत अशी, की आधी नमुना दाखवा, मान्यता घ्या, मग विका. अमेरिकेत आधी मान्यता वगैरे काही नाही. कंपनीनेच स्वतःला प्रमाणपत्र द्यायचं, की आमची गाडी सगळ्या नियमांत बसते. पेपर आपणच सोडवायचा, आपणच तपासायचा आणि आपणच पास व्हायचं. आपल्याला हे फारच सुखाचं वाटेल. पण पुढे आपलीच चूक आपल्याला सापडली, तर कामकाजाच्या पाच दिवसांत सरकारला स्वतःहून कळवायचं, आणि माफी हवी असेल तर चूक ठरल्यापासून ३० दिवसांत अर्ज टाकायचा. गुन्हेगार आपणच, फिर्यादी आपणच, वकीलही आपणच. न्यायाधीश तेवढा सरकारचा. त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन. एवढं लांब नाव मी पुन्हा लिहिणार नाही. यापुढे त्याला 'प्रशासन' म्हणू.

डेट्रॉइटच्या आसपास मराठी इंजिनिअर इतके आहेत, की गणपतीत तिथे आरतीला ताट कमी पडेल, माणूस कमी पडत नाही. त्यांतला एक माझा भाचा. एका कंपनीत तो नियमपालन खात्यात आहे; कंपनीचं नाव लिहायचं नाही असं त्याने बजावून ठेवलंय. माझ्या बहिणीची अजून समजूत आहे की तो गाड्या बनवतो. तो अक्षरं मोजतो.

"मामा, तिकडच्या गाड्यांत डावीकडच्या आरशावर एक वाक्य असतं, पाहिलंय का तुम्ही? वस्तू आरशात दिसते त्यापेक्षा जवळ आहे, असं?"

"पाहिलंय की."

"इकडे ते उजवीकडच्या आरशावर. त्याची अक्षरं ४.८ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाहीत आणि ६.४ पेक्षा मोठीही चालत नाहीत."

"अरे, लहान नकोत हे समजलं. मोठी झाली तर काय बिघडलं?"

"मग वस्तू दिसायची कुठे?"

हा मुलगा लहानपणी असा हजरजबाबी नव्हता. नियम वाचून वाचून झालाय.

"आणि समज, ते वाक्य छापायचंच राहिलं तर?"

"तर अर्ज."

"त्यात लिहायचं काय?"

"की हे वाक्य मालकाच्या पुस्तिकेत दिलेलं आहे."

"पुस्तिका कोण वाचतं?"

"मामा, तुम्ही प्रशासनात नोकरी का नाही केलीत?"

तर अशा या अर्जांमध्ये टायरवाल्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. टायरच्या कडेला किती मजकूर असतो हे आपण कधी खाली वाकून बघत नाही. पंक्चर झालं की आपण वाकतो, पण तेव्हा वाचनाची मनःस्थिती नसते. टायर किती भार झेलेल, हवा जास्तीत जास्त किती भरावी, ट्यूब आहे की ट्यूबलेस, आत किती थर आहेत आणि ते कशाचे, पॉलिएस्टरचे, नायलॉनचे की पोलादी तारांचे, हे सगळं तिथे उठवलेलं असावंच लागतं. हा मजकूर साच्यातून येतो. साच्यात एक आकडा चुकला की हजारो टायर तीच चूक छातीवर मिरवत बाहेर पडतात. आत पॉलिएस्टरचे थर दोन, बाहेर लिहिलंय एक. झाला नियमभंग. दुकानात गेले, विकले गेले, गाड्यांना बसले, टेक्ससपासून अलास्कापर्यंत धावू लागले. आणि मग एके दिवशी कारखान्यात कोणाचं तरी लक्ष जातं. हा जो कोणी लक्ष जाणारा असतो, त्याच्याकडे त्या दिवशी डब्यातलं कोणी खात नसणार.

कंपनी मग अर्ज लिहिते. टायर भक्कम आहे. वेगाच्या, भाराच्या, टिकाऊपणाच्या सगळ्या चाचण्या पास झाला आहे. चुकलं आहे ते फक्त लेखन. आणि कोणताही ग्राहक दुकानात जाऊन 'मला दोन थरांचा टायर दाखवा' असं म्हणत नाही. हा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. मी आयुष्यात टायर घेताना दोनच प्रश्न विचारले आहेत, 'केवढ्याला?' आणि 'जुन्याचे किती देता?' प्रशासनालाही हे पटतं आणि अशा अर्जांना बहुतेक वेळा सूट मिळते. पण ते लगेच मान डोलावत नाहीत, ही त्यातली गंमत. ते आधी विचारात घेतात, की टायरची दुरुस्ती करणाऱ्याचं काय? रिमोल्ड करणाऱ्याचं काय? टायर भंगारात गेल्यावर तो कापणाऱ्याचं काय? कडेच्या थरात पोलादी तार असेल आणि वर तसं लिहिलेलं नसेल, तर त्या माणसाच्या हाताला धोका आहे. चाक बनवणारा, विकणारा, चालवणारा यांतल्या कोणालाच तो भंगारवाला आठवलेला नसतो. तो वॉशिंग्टनमधल्या एका टेबलावर आठवला जातो. इथे मी हसता हसता जरा थांबतो.

टायरवर आणखी एक सांकेतिक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर जन्मल्याचा आठवडा आणि वर्ष. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. टायरची जन्मपत्रिकाच ही. हा शिक्का साच्यात उलटा बसला आणि आकडे डोकं खाली पाय वर असे उमटले, असेही प्रकार होतात. तिथे बचाव असा, की आकडे बरोबर आहेत, शाबूत आहेत, वाचताही येतात. टायर तर फिरतोच. थोडी वाट पाहिली तर आकडे सुलट होतील. हे शेवटचं वाक्य माझं आहे, पण ते अजून कोणत्याही अर्जात आलेलं नसेल तर वकिलांनी ते बिनदिक्कत वापरावं.

स्पीडोमीटरचाही असाच एक प्रकार आहे. अमेरिकेत वेग मैलांतच दिसला पाहिजे. सोबत किलोमीटर असले तर हरकत नाही. काही गाड्यांच्या पडद्यावर मालकाला बटण दाबून नुसते किलोमीटर आणता येतात, हे विकल्यावर ध्यानात आलं. बचाव काय? ज्याने स्वतः बटण दाबून किलोमीटर आणले, त्याला मैल परत कसे आणायचे हे ठाऊक असणारच. आणि एवढं करून एखादा घोटाळलाच, तर किलोमीटरचा आकडा मैलांच्या आकड्यापेक्षा मोठा असतो, म्हणजे तो माणूस घाबरून गाडी हळूच चालवेल. चुकीमुळे सुरक्षा वाढते! अर्जदाराने इथे थांबावं असं मला नेहमी वाटतं. आणखी एक परिच्छेद लिहिला असता, तर सरकारकडे बक्षीसच मागावं लागलं असतं.

असे बरेच अर्ज वाचले की त्यांचा ठेका अंगवळणी पडतो. आमच्याकडे एकही तक्रार आलेली नाही. कोणी जखमी नाही. संख्या अगदी थोडी आहे. कारखान्यात आम्ही चूक केव्हाच सुधारली. आणि यापूर्वी अमुक कंपनीला अशाच चुकीबद्दल आपण सूट दिली होती, तेव्हा आमच्यावरच अन्याय का? यातलं शेवटचं वाक्य तर कोणत्याही देशात, कोणत्याही खिडकीवर चालावं.

प्रशासनाचं उत्तरही ठरलेलं असतं आणि ते मात्र मी गांभीर्याने वाचतो. तक्रार आली नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. संख्या थोडी आहे हा मुद्दाच नाही. त्या थोड्यांपैकी एकाच्या वाट्याला तो प्रसंग आला तर त्याचं काय होईल, हे सांगा. लेबल चुकलं असेल तर ऐकून घेऊ. पण वस्तू जे काम करायला लावली आहे त्या कामातच कमी पडत असेल, तर ती किरकोळ आहे हे पटवणं तुम्हाला फार जड जाईल. आणि सूट मिळालीच, तरी ती विकलेल्या गाड्यांपुरती. शोरूममध्ये उभ्या असलेल्या, त्याच चुकीच्या, तेवढ्याच निरुपद्रवी गाड्या मात्र दुरुस्त केल्याशिवाय विकायच्या नाहीत. म्हणजे रस्त्यावर धावणारी गाडी निर्दोष आणि दुकानात झाकून ठेवलेली दोषी. कायद्याच्या हिशेबात हे चोख बसतं. माझ्या बसत नाही, पण मी वकील नाही.

आपल्याकडे हे सगळं तोंडी होतं. नंबरप्लेटचंच घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या नंबरातलं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड आणि मधलं अंतरही १० मिलिमीटर, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मिलिमीटरच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या मागे नाही. पण रस्त्यावर ४१४१ चा 'दादा' झालेला असतो, आणि दादांनी सूट मागणारा अर्ज केल्याचं ऐकिवात नाही. हवालदार थांबवतो, दादा काच खाली घेतात, चार शब्दांची देवाणघेवाण होते, बाकी कशाची होते ते मी पाहिलेलं नाही, आणि 'चालतंय' या एका शब्दावर सुनावणी संपते. सरकारदेखील सूट हा शब्द वापरत नाही. ते मुदतवाढ म्हणतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेट लावायचा आदेश महाराष्ट्रात निघाला, आणि २०२५ साल त्याच्या मुदतवाढीवर मुदतवाढ देण्यात गेलं. ज्यांनी पहिल्याच तारखेला रांगेत उभं राहून प्लेट लावली, त्यांना आता घरचेही हसतात.

म्हणून कोणी म्हणेल, टायरवरच्या एका आकड्यासाठी राजपत्रात पानं खर्च करणारा देश खुळा आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण याच खिडकीवर वेगळ्या वजनाचे अर्जही येतात, आणि गंमत म्हणजे त्यांची भाषा टायरवाल्यांसारखीच असते.

जनरल मोटर्सच्या जीएमसी टेरेन या गाडीचं घ्या. २०१० ते २०१७ या मॉडेलांच्या हेडलाइटच्या आतल्या परावर्तनामुळे प्रकाशाचे दोन लहानसे ठिपके बाजूला आणि वर भलतीकडेच पडत होते, आणि तिथला उजेड नियमाच्या तिपटीहून जास्त होता. कंपनीने २०१९ मध्ये अर्ज केला. अपघात नाही, जखमी नाही, तक्रार म्हणाल तर एका ग्राहकाची. सगळा ठेका तोच. प्रशासनाने तीन वर्षं घेतली आणि २०२२ मध्ये अर्ज फेटाळला. सुमारे ७ लाख ४० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. समोरून हाय बीमवर येणारे ट्रक झेलत ज्यांनी रात्री पुणे-सातारा रस्ता काढला आहे, त्यांना या निकालात हसण्यासारखं काही सापडणार नाही. त्यांना तो न्यायाधीश इकडे बदलीवर हवा असेल.

आणि मग ताकाता. या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते बिघडायचं, आणि एअरबॅग उघडायच्या क्षणी तिचं धातूचं नळकांडं फुटून त्याच्या चिरफळ्या माणसाच्या अंगात घुसायच्या. एकट्या अमेरिकेत त्यात वीसहून अधिक माणसं गेली. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या जात असताना जनरल मोटर्सने २०१६ मध्ये आपल्या मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांसाठी याच खिडकीवर अर्ज टाकला. ही एअरबॅग म्हणजे नियमभंग नव्हता, सरळ दोष होता. पण कायद्यात दोन्हींना सूट मागायची सोय एकच आहे. म्हणणं असं, की आमच्या गाड्यांतली नळकांडी वेगळ्या घडणीची आहेत, आमच्या गाड्यांची केबिन वेगळी आहे, आमच्यात एकही फुटलेलं नाही. तेव्हा सुरक्षेच्या दृष्टीने ही बाब किरकोळ मानावी. अर्ज चार वर्षं चालला. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रशासनाने तो फेटाळला, आणि कंपनीला अमेरिकेतल्या ५९ लाख गाड्यांमधली नळकांडी बदलायला लावली. खर्चाचा अंदाज होता सुमारे १२० कोटी डॉलर. निर्णय पटलेला नाही, पण आम्ही पाळू, असं कंपनीने सांगितलं. दोन महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, फोर्ड आणि माझ्दा यांचेही ताकाताचे अर्ज नामंजूर झाले.

एका टेबलावर, एकाच नमुन्यात, टायरचा चुकलेला थर आणि छातीसमोर फुटणारं नळकांडं. दोन्ही अर्जदार सारख्याच नम्रतेने लिहितात, की सुरक्षेला बाधा नाही. ते वाचणाऱ्या कारकुनाबद्दल माझ्या मनात आता फार आदर आहे. शंभर अर्ज थरांचे, काचेवर राहिलेल्या चिन्हांचे, बारीक अक्षरांचे वाचून डोळे जड झाल्यावरही एकशेएकावा त्याला जागेपणी वाचायचा असतो. भाच्याला मी विचारलं, "हे काम कंटाळवाणं नाही?" तो म्हणाला, "मामा, कंटाळवाणं असेल तोवरच ठीक." बहिणीला मी हे कळवलेलं नाही. तिच्या दृष्टीने तो गाड्या बनवतो, तेच बरं.

भारतातही १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले आहेत. सदोष गाड्या परत बोलवायला कंपनीला भाग पाडण्याचा अधिकार आता सरकारकडे आहे, आणि दंडाची तरतूदही आहे. आपल्या राजपत्रात टायरच्या थरांबद्दलचा पहिला विनम्र अर्ज छापून येईल त्या दिवशी मी पेढे वाटणार आहे.

तोवर वाचकांसाठी एक सोय. अमेरिकेत असा अर्ज छापून आला की लोकांना आपलं म्हणणं मांडायला साधारण ३० दिवस मिळतात. मुदत उलटल्यावर आलेलं पत्रही जमेल तितकं विचारात घेऊ, असं ते सांगतात. थरांची संख्या, आरशावरची अक्षरं, काचेवरचं चिन्ह अशा विषयांवर ज्यांची ठाम मतं आहेत, आणि आपल्याकडे अशी माणसं कमी नाहीत, त्यांनी संकोच करू नये. पत्ता: परिवहन विभाग, खोली डब्ल्यू १२-१४०, १२०० न्यू जर्सी अव्हेन्यू, वॉशिंग्टन. पत्र इंग्रजीत हवं, त्यावर अर्जाचा क्रमांक हवा आणि मजकूर १५ पानांच्या वर नको. सोबतच्या जोडपत्रांना मात्र पानांची मर्यादा नाही. पत्र पोचल्याची पावती हवी असेल, तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पोस्टकार्ड पाकिटात घालावं. तिकीट अमेरिकेचं लागेल.